फोटोतला ट्रॅक्टर, शेतातला ट्रॅक्टर

“चारशे किलोमीटरवरचा जुना ट्रॅक्टर फोटो पाहून घ्यावा का?” हा प्रश्न आता गावोगावी ऐकू येतो. मोबाईलवर जाहिरात येते. ट्रॅक्टर चकचकीत असतो, टायर काळेभोर दिसतात आणि भाव आपल्या तालुक्यापेक्षा पन्नास-साठ हजारांनी कमी असतो. यवतमाळच्या शेतकऱ्याला मध्य प्रदेशातला ट्रॅक्टर दिसतो, सोलापूरच्या माणसाला कर्नाटकातला. हार्वेस्टरच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्याची नजर तर थेट पंजाबकडे जाते, कारण पतियाळा जिल्ह्यातली नाभा आणि भादसों ही गावे कंबाइन हार्वेस्टरच्या कारखान्यांसाठीच ओळखली जातात.

स्वतः जाऊन पाहायचे तर दोन दिवस मोडतात, गाडीभाडे लागते, आणि जाऊनही इंजिनाच्या पोटात काय आहे ते कळेलच असे नाही. न पाहता घ्यायचे तर छातीत धडकी भरते. यावर एक वाट आहे. तिथल्याच एखाद्या जाणत्या माणसाला पैसे देऊन यंत्र तपासून घ्यायचे. ही तपासणी कोणाकडून करवून घ्यायची, त्याला काय बघायला सांगायचे आणि तो जे सांगेल त्याचा अर्थ कसा लावायचा, हे या प्रकरणात पाहू. उदाहरण ट्रॅक्टरचे घेतले आहे. हार्वेस्टर, रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र घेतानाही बराचसा भाग तसाच लागू पडतो.

१. फुकटची तपासणी आधी

मिस्त्रीला पाठवण्याआधी घरबसल्या जे कळते ते कळून घ्यावे. विकणाऱ्याकडून आरसी बुकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा आणि त्याबरोबर यंत्रावर ठोकलेल्या चेसिस नंबरचा व इंजिन नंबरचा जवळून काढलेला फोटो मागवा. जो माणूस ट्रॅक्टरचे वीस फोटो पाठवतो पण चेसिस नंबरचा एक फोटो पाठवायला आठवडा लावतो, त्याचा नाद तिथेच सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे.

केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की ट्रॅक्टरची नोंद दिसते. नोंदणी कधीची आहे, विमा चालू आहे का आणि बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का, एवढे त्यातून समजते. बोजा म्हणजे कर्ज फिटेपर्यंत वाहनावर राहणारा कर्ज देणाऱ्याचा हक्क. ‘हप्ते कधीच फिटलेत’ असे तोंडी सांगून भागत नाही. बोजा उतरवायला कर्ज देणाऱ्याची सही असलेला नमुना ३५ लागतो. तो हातात नसेल तर तुमचे पैसे घेऊन विकणारा मोकळा होईल आणि फायनान्सवाले ट्रॅक्टर ओढून न्यायला तुमच्या बांधावर येतील.

ट्रॅक्टर चोरीचा आहे का, हेही पाहता येते. पोलिसांच्या नोंदीत ते वाहन चोरीला गेलेले किंवा गुन्ह्यात अडकलेले आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेतून तपासता येते. त्यासाठी चेसिस आणि इंजिन नंबर लागतात. म्हणून ते फोटो आधी.

परराज्यातला ट्रॅक्टर असेल तर आणखी एक कागद लागतो. मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, ज्याला सगळे एनओसी म्हणतात. ते नमुना २८ वर मिळते. नावावर करून घेण्यासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतराची नोंद करायची असते, आणि वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. ट्रॅक्टरबरोबर ट्रॉली ‘फुकट’ मिळत असेल तर तिचेही कागद मागा.

अवजार सरकारी अनुदानावर घेतलेले आहे का, हेही विचारावे. अशी अवजारे ठरावीक काळ विकता येत नाहीत, अशी अट योजनांमध्ये असते. रोटाव्हेटर, पेरणी यंत्र अशा वस्तूंना आरसी बुक नसते, त्यामुळे हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

२. तपासणारा माणूस कोणाचा?

तपासणीची खरी किंमत इथे ठरते. विकणारा म्हणतो, “आमच्या इथला चांगला मिस्त्री आहे, त्याच्याशीच बोला ना.” तो मिस्त्री चांगला असेलही, पण त्याचे वर्षाचे गिऱ्हाईक विकणारा आहे, तुम्ही नाही. एका दिवसाच्या तुमच्या कामासाठी तो रोजचे गिऱ्हाईक तोडणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. दलालाचेही तसेच. त्याची दलाली सौदा झाला तरच मिळते, म्हणून त्याच्या डोळ्यांना ट्रॅक्टर नेहमी चांगलाच दिसतो.

मग माणूस शोधायचा कुठे? ज्या कंपनीचा ट्रॅक्टर आहे त्या कंपनीच्या तिथल्या अधिकृत वर्कशॉपला फोन करावा. शक्यतो विकणाऱ्याच्या गावातल्या नव्हे, शेजारच्या तालुक्यातल्या. तिथला जुना मेकॅनिक रोजंदारी आणि प्रवासखर्च घेऊन जायला तयार होतो. तुमच्या गावातल्या मिस्त्रीला विचारावे. या लोकांच्या ओळखी दूरवर असतात. नातेवाईक तिकडे असेल तर त्याला मिस्त्रीबरोबर पाठवावे, मिस्त्रीच्या ऐवजी नाही. नातेवाइकाचा उपयोग कागद बघायला, व्हिडिओ काढायला आणि मिस्त्रीला घाईघाईत परत फिरू न द्यायला.

मोबदला आधी ठरवा आणि तो सौद्यावर अवलंबून ठेवू नका. “घ्या म्हणालात तरी इतके, घेऊ नका म्हणालात तरी इतकेच,” हे वाक्य फोनवर स्पष्ट बोलावे. अर्धे पैसे आधी पाठवावेत. आणि मिस्त्रीला ‘कसा आहे ते बघून सांगा’ एवढेच सांगू नये. त्याचे उत्तर ‘चांगला आहे’ असेच येते. त्याच्याकडे प्रश्नांची यादी द्यावी आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बोलून रेकॉर्ड करायला सांगावे. ते प्रश्न कोणते, ते पुढे येतातच.

३. इंजिन थंड हवे

तपासणीला माणूस पोहोचतो तेव्हा ट्रॅक्टर अंगणात घरघरत उभा असतो. “तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवला,” असे कौतुकाने सांगितले जाते. नेमके हेच टाळायचे आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती प्रचंड तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजले की दाबलेली हवा फटीतून निसटते, पुरेशी तापत नाही, आणि इंजिन सुरू व्हायला कुरकुर करते. पण हेच इंजिन एकदा तापले की भाग थोडे फुगतात, फटी कमी होतात आणि झीज झाकली जाते. सकाळचे पहिले स्टार्ट म्हणूनच सर्वांत जास्त बोलते.

त्यामुळे मिस्त्रीला सांगा: आदल्या रात्रीपासून इंजिन बंद हवे. पोहोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून बघ. गरम असेल तर दोन-तीन तास थांब किंवा दुसऱ्या दिवशी जा. रोजंदारी जास्त पडली तरी चालेल.

सुरू करण्यापूर्वी दोन झाकणे उघडायची. रेडिएटरमध्ये पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा डिपस्टिकवरचे तेल दुधी, पिठूळ दिसले तर पाणी आणि तेल कुठेतरी एकत्र येत आहे. हेड गॅस्केट गेली असेल किंवा हेडला तडा असेल. यापुढची तपासणी मग भाव पाडण्यापुरतीच राहते. एअर क्लीनरही उघडायला सांगा. त्याच्या पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवल्यावर बोटाला धूळ लागली, तर ती धूळ वर्षानुवर्षे इंजिनात जात आली आहे. माती हा इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू, आणि मालकाने यंत्र कसे सांभाळले हे या एका नळीइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

आता स्टार्टर. सुरू झाल्यावर थोडा वेळ पांढरा धूर आला आणि मग विरला, तर घाबरायचे कारण नाही. थंडीत तसे होतेच. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जात आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, रिंगा किंवा वॉल्व्ह झिजले आहेत. काळा धूर ओझे पडल्यावर क्षणभर येऊन गेला तर ठीक. सतत येत असेल तर हवा कमी पडते आहे किंवा पंप-नोझलमधून डिझेल जास्त जात आहे. काळ्या धुराचा इलाज बऱ्याचदा स्वस्त असतो. निळ्याचा नसतो.

शेवटी चालू इंजिनाचे तेल भरायचे झाकण उघडायचे. तिथून थोडी वाफ येणे साधारण आहे. पण भसाभस धूर फेकला जात असेल, ब्रीदरच्या नळीतून फुंकर बसावी तसा दाब येत असेल, तर रिंगांमधून वायू खाली उतरतो आहे. ‘इंजिन काम’ जवळ आले आहे. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलणे म्हणजे साधारण ट्रॅक्टरलाही हजारोंच्या घरातला मोठा खर्च.

यंत्र फार महाग असेल, हार्वेस्टरसारखे, तर इंजिन ऑइलचा छोटा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. तेलात लोखंडाचे कण जास्त निघाले तर लायनर-रिंगांची झीज, तांबे निघाले तर बेअरिंग-बुशांची, सिलिकॉन निघाले तर धूळ आत गेल्याची शंका घेतात. मात्र तेल नुकतेच बदललेले असेल तर हा नमुना काहीच सांगत नाही. म्हणून ‘विकायच्या आधी ऑइल बदलून देतो’ हा प्रस्ताव नम्रपणे नाकारा.

४. तासांचा आकडा किती खरा?

ट्रॅक्टरचे वय किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. पण जुन्या यांत्रिक तासमीटरची एक गंमत अनेकांना ठाऊक नसते. तो घड्याळाचे तास मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजतो. समजा एखादा मीटर मिनिटाला २००० फेऱ्यांवर बसवलेला आहे. त्या गतीने इंजिन तासभर चालले तर मीटरवर एक तास चढतो. तेच इंजिन १५०० फेऱ्यांवर तासभर चालले तर मीटरवर पाऊण तासच चढतो. पाण्याचा पंप ओढत कमी गतीवर उभा राहिलेला ट्रॅक्टर प्रत्यक्षात मीटरपेक्षा जास्त राबलेला असतो.

शिवाय मीटर बंद पडतो, केबल तुटते, कधी मुद्दाम काढून ठेवतात. त्यासाठी सोपा हिशोब करा. दहा वर्षांचा ट्रॅक्टर आणि मीटरवर २१०० तास, म्हणजे वर्षाला २१०. मालकाची स्वतःची दहा-पंधरा एकर शेती असेल तर पटण्यासारखे आहे. पण बोलता बोलता तो म्हणाला की हंगामात भाड्याने चालवायचो, तर वर्षाला शंभर दिवस रोज सहा तास धरले तरी सहाशे होतात. मग आकडा खोटा आहे. क्लच आणि ब्रेकच्या पायपट्टीवरच्या रेघा, स्टीअरिंगची पकड, सीटखालची लोखंडी पट्टी हेही बघायला सांगा. २१०० तासांत पायपट्टी गुळगुळीत होत नाही.

५. कोणत्या मुलखात राबला?

हा प्रश्न क्वचित विचारला जातो, आणि माझ्या मते तो सगळ्यात मोलाचा आहे. भातपट्ट्यातला ट्रॅक्टर चिखलणी करतो. चाके अर्धी चिखलात असतात. पाणी ऑइल सीलमधून मागच्या धुरीत, ब्रेकमध्ये शिरते. अशा ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे तेल थोडे काढून बघावे, दुधी झाले आहे का ते. मागच्या रिमच्या आतल्या बाजूला तेल ओघळले असेल तर सील गेले आहे.

उसाच्या पट्ट्यातला ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढून कारखान्यावर रांगेत उभा राहिलेला असतो. त्याचा क्लच, ब्रेक, मागचा हुक आणि टायर पाहावेत. वाळू-मुरूम वाहिलेल्या ट्रॅक्टरचेही तेच. पुढे डोझर किंवा लोडर बसवलेला होता का, याच्या खुणा पुढच्या चौकटीवर राहतात: बुजवलेली भोके, वेल्डिंगच्या रेघा. क्लच हाउसिंग आणि धुरीच्या ओतीव भागावर वेल्डिंग दिसले तर त्या जागेचा फोटो हवाच.

रंगाबद्दल इथेच सांगतो. नवा रंग हा गुन्हा नाही. पण रबरी नळ्यांवर, नटांच्या खाचांत, तेलाच्या डागांवरूनही रंग मारलेला असेल तर तो काहीतरी झाकण्यासाठीच मारलेला असतो.

६. जुंपून बघणे

बैलबाजारात जाणता माणूस दात बघतो, पण तेवढ्यावर बैल घेत नाही. तो चालवून बघतो, गाडीला जुंपून बघतो. ओझे पडल्याशिवाय खोड कळत नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ट्रॅक्टरला हाच नियम लागतो, आणि नेमका हाच भाग दुरून घेताना वगळला जातो.

मिस्त्रीने ट्रॅक्टर शेतात न्यावा आणि निदान अर्धा तास नांगर किंवा कल्टिव्हेटर ओढावा. ओझ्यावर इंजिनाचे फेरे वाढतात पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही, तर क्लच घसरतो आहे. चालत्या कामात गिअर आपोआप सुटतो का, तेही इथेच कळते.

मग लिफ्ट. जड अवजार वर उचलायचे, इंजिन बंद करायचे आणि घड्याळ लावायचे. हळूहळू खाली येणे चालते. मिनिटा-दोन मिनिटांत जमिनीला टेकले तर सिलिंडर किंवा वॉल्व्हमधून तेल निसटते. ही चाचणी काम झाल्यावर, तेल तापलेले असताना करायची. थंड, घट्ट तेलावर झिजलेला पंपही उचलतो, गरम आणि पातळ तेलावर त्याचा दम सुटतो. वर उचललेल्या अवजाराखाली कोणीही जाऊ नये, हेही मिस्त्रीला सांगून ठेवा.

पीटीओ, म्हणजे रोटाव्हेटर किंवा पंप फिरवणारा मागचा दांडा, चालवून बघावा आणि त्याच्या खाचा झिजल्यात का ते पाहावे. पुढची चाके जॅकवर उचलून हाताने हलवावीत. ती आतबाहेर हलली तर बेअरिंग किंवा किंगपिन-बुश गेले आहेत.

जाहिरातीतली ‘पन्नास एचपी’ ही इंजिनाची ताकद असते. पीटीओवर त्याहून कमी मिळते. ते यंत्र नवे असताना पीटीओवर किती ताकद देत होते आणि लिफ्ट किती किलो उचलत होती, हे मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्र सरकारच्या चाचणी संस्थेच्या अहवालांत सापडते. १९५५ पासून ही संस्था काम करते आहे. घेण्याआधी त्या मॉडेलचा अहवाल चाळला तर तुमचा रोटाव्हेटर त्याला पेलेल का, हे आधीच समजेल.

जानेवारी २०२३ नंतर बनलेल्या पन्नास एचपीवरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे, कडक निकष लागू झाले. त्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. अशा ट्रॅक्टरसाठी स्कॅनर असलेला मेकॅनिकच पाठवावा. नुसत्या कानाने आणि नाकाने तिथे भागत नाही.

७. व्हिडिओ कॉलवर काय मागावे

मिस्त्री तिथे असताना तुम्ही फोनवर असावे. व्हिडिओ तोडून-तोडून घेऊ नका. थंड इंजिनावर ठेवलेल्या हातापासून स्टार्ट होईपर्यंत एकसलग हवा. चेसिस नंबरपासून सुरू करून कॅमेरा न थांबवता पूर्ण ट्रॅक्टरभोवती फिरवायला सांगा, म्हणजे कागदावरचा आणि समोरचा ट्रॅक्टर एकच आहे याचा पुरावा राहतो. धुराचा रंग मात्र मोबाईलवर फसवतो. उन्हात निळा धूर पांढरा दिसतो. आवाजही फोनमधून बदलून येतो. या दोन गोष्टींत मिस्त्रीच्या तोंडावर विश्वास ठेवा, पडद्यावर नाही.

८. हिशोब

समजा तिथला भाव ३,८०,००० आणि तसाच ट्रॅक्टर तुमच्याकडे ४,४०,०००. फरक साठ हजारांचा. ट्रकचे भाडे २५,०००, मिस्त्रीची रोजंदारी, त्याचा प्रवास आणि नातेवाइकाचा खर्च मिळून ५,०००, कागदपत्रांना ६,०००. उरले २४,०००. आता मिस्त्रीने सांगितले की मागचे दोन्ही टायर बदलावे लागतील आणि त्याला ४५,००० लागतील. म्हणजे स्वस्त ट्रॅक्टर तुम्हाला २१,००० रुपयांनी महाग पडला. तपासणीच्या पाच हजारांनी हे सौद्याआधी कळले.

अशा वेळी सौदा मोडायलाच हवा असे नाही. मिस्त्रीने काढलेले दोष आणि त्यांचा खर्च लिहून विकणाऱ्यापुढे ठेवा. प्रामाणिक माणूस भाव खाली आणतो. टायर, बॅटरी, क्लच प्लेट यांचा खर्च मोजता येतो, म्हणून त्यांवर घासाघीस करावी. पाणी-तेल एकत्र होणे, ओतीव भागाचा तडा, न जुळणारा चेसिस नंबर यांवर घासाघीस करू नये, तिथून उठावे.

९. पैसे कधी द्यायचे

इसार लहान ठेवा आणि तो बँकेतून द्या. नाव आरसी बुकावर असलेल्या माणसाच्याच खात्यावर. ‘भावाच्या खात्यावर टाका’ हे मान्य करू नका. इसाराच्या पावतीत चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि ‘बोजा उतरवून, एनओसी देऊन’ हे शब्द असू द्या. उरलेली रक्कम ट्रॅक्टर ट्रकवर चढताना, तुमच्या माणसाने चेसिस नंबर पुन्हा वाचल्यावर आणि सही केलेले २९-३० नमुने हातात आल्यावर द्या. तपासणीनंतर काही दिवस गेले असतील तर ट्रकवर चढवण्यापूर्वी टायर आणि बॅटरी तीच आहेत का, तेही बघायला सांगा.

ट्रॅक्टर हे बहुतेक घरांतले जमिनीनंतरचे सर्वांत मोठे कर्ज असते. विकणाऱ्याने “उद्या दुसरे गिऱ्हाईक येतंय” म्हटले तरी, तुमच्या माणसाने थंड इंजिन पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.